चुडा ज्याच्या नावाचा

बायजाने भिवाजीला आजवर एकदाच पाहिलं होतं, आणि तेही फक्त पावलांपुरतं! तो बघायला आला तेव्हा मान वर करायची सोय नव्हती. उजव्या अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं, एवढंच तिला ठाऊक. पण ते नख मात्र तिला पाठ झालं होतं.

उद्या लग्न. आज हळद लागली, कासाराने हिरवा चुडा भरला, आणि विहिरीवरच्या शेवाळावर पाय सटकून नवरीबाई पडल्या त्या नेमक्या उजव्या हातावर! कडावहून बैलगाडी कर्जतला गुप्ते डॉक्टरांकडे येईस्तोवर मनगट सुजून बांगड्या मांसात रुतल्या. भिवाजी याच दवाखान्यात हाडांचा फोटो काढायच्या यंत्राला वीज पुरवणारं इंजिन चालवायचा. पण आज तो दहिवलीला घरी, स्वतःच्या हळदीत असणार. हळदीनंतर नवरा-नवरीने लग्नाआधी भेटायचं नसतं; तो नाही म्हणूनच तर बायजाची विमलआत्या तिला घेऊन इथे यायला कबूल झाली होती.

डॉक्टरांनी बायजाच्या बोटाचं नख दाबून सोडलं. ते पांढरं झालं... आणि पांढरंच राहिलं.

“रक्त पोचत नाहीये. बांगड्या आत्ता फोडायच्या. मग फोटो, मग हाड बसवू.”

“चुडा हाय तो, डागदरसाहेब!” आत्या कळवळली. “लग्नाआधी फोडला तर नवऱ्याच्या जिवावर येतं म्हणत्यात. सासू हिला मांडवातनं परत धाडंल!”

“आणि नाही फोडला, तर हात जाईल.”

हात गेला तर लावणी कोण करणार, भाकरी कोण थापणार? आणि चुडा गेला तर... त्या अर्ध्या नखाचा माणूसच जाणार! तिने हात छातीशी ओढून घेतला. “थोडं थांबा...” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

डॉक्टरांनी इंजिनासाठी भिवाजीला कधीच निरोप धाडला होता. समोर बसलेली त्याचीच नवरी, हे त्यांना काय ठाऊक! दारात पावलं वाजली. बायजाची नजर खालीच होती. तिला दिसली हळदीने पिवळी झालेली दोन पावलं... आणि उजव्या अंगठ्याचं अर्धं नख.

“अगं बया!” आत्याने बायजाचा पदर खस्सकन पुढे ओढला. “हळदीच्या अंगानं कुठं आलास रं?”

“इंजिन माझ्याबिगर कुणाचं ऐकत नाय, आत्या.” तो हसला. पण तो हात पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने उभ्यानेच ऐकलं.

“चुडा कुणाच्या नावाचा?”

“तुझ्याच की रं!”

“मग मीच फोडतो. जित्या नवऱ्यानं फोडल्यावर कसला आलाय अपशकुन?”

“तुमच्या आईनं इचारलं तर?” पदराआडून बायजा पुटपुटली. त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलंच वाक्य.

“तवाचं तवा बघू. हाताकडं नको, माझ्याकडं बघ.”

“बघायचं नसतं... उद्यापत्तुर.”

“बरं, मग पायाकडं बघ. त्या दिवशीबी त्येच तर बघत हुतीस!”

एवढ्या कळा येत असूनही बायजाला हसू फुटलं. चोरी पकडली गेली होती ना!

एकेका बांगडीवर ओलं फडकं धरून तो डॉक्टरांच्या चिमट्याने ती हलकेच दाबी. काच फुटे, बायजा ओठ चावी. काचा वेचता वेचता त्याचीच बोटं रक्ताळली, पण तो थांबला नाही.

डॉक्टरांनी पुन्हा नख दाबलं. पांढरं... अजून पांढरंच... आणि मग हळूहळू गुलाबी झालं. आत्याने देवाला हात जोडले. भिवाजीने डोळे पुसले ते बाहेर, इंजिनापाशी जाऊन. फोटोत मोडलेलं हाड स्पष्ट दिसलं. डॉक्टरांनी ते ओढून बसवलं आणि हात प्लास्टरात घातला.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला गेला, तेवढ्यात सासूबाईंची, मोतीबाईंची, नजर त्या पांढऱ्या हातावर पडली.

“चुडा कुणी फोडला?”

अंतरपाटापलीकडून आवाज आला, “मी, आई.” पाठोपाठ कापलेली बोटं पुढे आली.

मोतीबाईंनी लेकाची बोटं पाहिली, सुनेचा हात पाहिला.

“फोडणारा तर धडधाकट उभा हाय,” त्या म्हणाल्या. “भटजी, तुमी कशापायी खोळंबलात?”

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाखाली तीच पिवळी पावलं, तेच अर्धं नख. शेवटची अक्षत पडली, अंतरपाट सरला... आणि लोक काय म्हणायचं ते म्हणोत, या खेपेला बायजाने पावलांकडे पाहिलंच नाही.