थांबलेल्यांची फळी

सुवर्णा त्या शुक्रवारी कॉलेजात गेली ती फक्त एक पोथी आणायला. काम एवढुसं. पण माणूस दमलेलं असलं ना, की एवढुशा कामाचाही डोंगर होतो, आणि सुवर्णा तर वर्षभर दमलेलीच होती. भिवंडीतल्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयाची ती एकटी ग्रंथपाल. सकाळी राहनाळहून निघायचं, गोदामांच्या ट्रकांमधून वाट काढत पोचायचं, संध्याकाळी परत येऊन आईचं औषधपाणी करायचं. आईला सगळा गाव आक्का म्हणतो, म्हणून लेकही आक्काच म्हणते. आक्काचं हृदय आता थकलंय. डॉक्टर धड काही बोलत नाहीत, आणि डॉक्टर बोलेनासे झाले की आपणच काय ते समजून घ्यायचं असतं.

पोथी सुवर्णाच्या वडिलांची, केसरीनाथची. ते जाऊन काही वर्षं झाली. आता ही पोथी एवढी का हवी, ते कळायचं तर आधी त्यांच्या देवळातल्या फळीचं सांगायला हवं.

गावात एकच पोथी चालते, गावदेवाची. सगळ्यांनी एकाच जत्रेत, एकाच दुकानातून घेतलेली, त्यामुळे सगळ्या हुबेहूब. भाताची लावणी आटोपली की जो तो आपापली पोथी वाचायला बसतो, रोज थोडी थोडी. मध्येच कुणी गेला आणि वाचन अर्धं राहिलं, तर त्याची पोथी त्याच्याच धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या तुकड्यात बांधायची. वाचताना ठेवलेली खूण होती तिथंच राहू द्यायची. मग ती देवळात मागच्या फळीवर ठेवायची. तिला म्हणतात थांबलेल्यांची फळी. पुढं घरातल्या कुणीतरी ती उतरवायची, खुणेपासून वाचून पुरी करायची. परक्यानं वाचायची नाही, जो वाचील तो त्या मेलेल्याच्या घरचा होतो म्हणतात. तोवर मेलेला माणूस तिथंच बसून राहतो, असं गाव मानतो. फडक्यावरून माणूस ओळखायचा आणि खुणेवरून तो कुठवर आला होता ते. पोथीवर नाव घालायची गरज कधी कुणाला पडली नाही.

मग देऊळ नव्यानं बांधायला काढलं. देवळातली पुस्तकं कुठं ठेवायची? गावकरी म्हणाले, सुवर्णाच्या कॉलेजात द्या, आपलीच पोर आहे, नीट ठेवील. ट्रंका कॉलेजात पोचल्या त्या दिवशी ती आक्काला घेऊन ठाण्याला इस्पितळात बसली होती. शिपाई भरतचा फोन आला, मॅडम, काय करू यांचं? रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेली बाई काय सांगणार? "नेहमीसारखं कर," म्हणाली, आणि फोन ठेवला. ट्रंकांमध्ये मागच्या फळीवरच्या पोथ्याही असतील, हे त्या वेळी तिच्या डोक्यातच आलं नाही.

नेहमीसारखं म्हणजे काय, तर फडकी सोडायची, कारण त्यांच्यात कसर होते. पानांत अडकलेलं सगळं झटकून टाकायचं. आतल्या पानावर शिक्का, पाठीवर विषयाच्या क्रमांकाची चिठ्ठी. भरत बिचारा कामाला वाघ. फडकी त्यानं शेजारच्या लूमवाल्यांना, कापडाच्या मागांचं तेल पुसायला दिली. तुळशीची सुकलेली पानं, एसटीची तिकिटं, दोऱ्याचे तुकडे, सगळ्या खुणा केरात गेल्या. सुवर्णा परत आली तेव्हा गावातले सगळे थांबलेले धर्माच्या कपाटात एका रांगेत उभे होते, पाठीवर एकच क्रमांक घेऊन. त्याच्या पुढं फक्त प्रत पहिली, प्रत दुसरी, प्रत तिसरी. पुस्तक कशाबद्दल आहे ते हा क्रमांक चोख सांगतो. ते कुणाचं आणि कुठवर झालंय, हे त्याला विचारायची सोय नाही.

सुवर्णानं घरी यातलं अवाक्षर काढलं नाही. कशी काढणार?

आणि गुरुवारी आक्कानं विषय काढला. "मोतीबिंदू काढलाय, आता मना दिसतंय. यांची पोथी आन घरी. मी पुरी करतंय."

"बघते गं. जरा काम कमी होऊ दे."

"बघू नको, आन. मी वर जाईन नि ते हितंच बसतील... मग काय उपेग?"

सुवर्णाला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं. आईच्या हातात फार दिवस नाहीत, आणि बापाची जागा आपणच पुसली.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद. कॉलेजच्या भिंतीला लागून कारखाने आहेत, एरवी त्यांची खटखट दिवसभर चालू असते आणि ती चालू आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं. बंद झाली की मात्र कान भणभणतात. भर दुपार होती. परीक्षा संपलेल्या, पोरं नव्हती, भरत जेवायला गेला होता. सुवर्णा मागच्या खोलीत शिरली. धर्माचं कपाट अगदी शेवटी, खिडकीच्या बाजूला. बाहेर चांगलं ऊन होतं. तरी तिथं पोचता पोचता तिला वास आला, खोबरेलाचा, कापराचा, आणि भिजलेल्या घोंगडीचा.

मग पुटपुट ऐकू आली.

भरतचा मोबाइल चालू राहिला असेल, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. पण आवाज एकाचा नव्हता. पुष्कळ जणं खालच्या सुरात वाचत होती. जो तो पोथीची पहिली ओवी घ्यायचा, चार ओळी पुढं जायचा, अडखळायचा, थांबायचा... आणि परत पहिल्यापासून. त्यात राग नव्हता की रडणं नव्हतं. नुसता थकवा होता, सुवर्णाच्या चांगल्या ओळखीचा. पळून जावं असं वाटलं, पण पळायलाही अंगात त्राण लागतं.

"कुठवर आलतं गं माझं...?" एका म्हातारीनं अगदी कानाशी विचारलं.

"माहीत नाही हो," सुवर्णा कुजबुजली. "खरंच माहीत नाही मला..."

रांगेतल्या सगळ्या पोथ्या सारख्या. यातला आपला बाप कुठला? विचारायचं तर हाक मारायला हवी. आता बापाचं नाव पोरीनं घ्यायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं, ते अंगातच होतं. आक्कानं तरी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलंय? सुवर्णानं लहानपणापासून मारली तशीच हाक मारली.

"बाबा... बाबा, आहात का?"

पुटपुट थांबली. सगळी खोली ऐकत राहिली. मग रांगेच्या मधल्या एका पोथीतून पुरुषाचा थकलेला आवाज आला.

"ओ..."

तिनं त्या पोथीवर हात ठेवला. पुठ्ठा कोमट होता, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा. सुवर्णाला रडू फुटलं, आणि रडत रडतच तिनं पोथी पिशवीत घातली.

घरी आक्का न्हाऊन, धुवट लुगडं नेसून वाट बघत होती. देवापुढं दिवा लावलेला. तिनं पोथी कपाळाला लावली आणि चाळली.

"खून कुठं हाय?"

"रिक्षात पडली वाटतं गं," सुवर्णा खोटंच बोलली.

"पडू दे. पयल्यापासून वाचतंय. त्यांची जागा आली का ते सांगतील."

आक्का वाचायला बसली. बोट ओळीवर ठेवून, सावकाश. सुवर्णा स्वयंपाकघरात भिंतीला टेकली. बाहेर गोदामाकडं जाणारे ट्रक घरघरत होते. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले. लागलं बाई सगळं मार्गी, असं तिला वाटलं, आणि तिथंच तिचा डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं. बाहेरच्या खोलीत आक्काबरोबर एक पुरुष वाचत होता.

"हितंच..." तो म्हणाला. "हितंच थांबलो होतो मी."

"सापडली ना जागा? मंग चला पुढं," आक्का म्हणाली, हसून. किती वर्षांत ती असं हसली नव्हती.

सुवर्णाचा ऊर भरून आला. तिनं चहा टाकला, कप मांडले, आणि ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. बाबांचा आवाज घोगरा होता, ते दर ओवीला खाकरायचे. हा गळा स्वच्छ होता. हा माणूस कोण? आणि मग तिला उमगलं की आपण बाबा म्हणून हाक मारली. त्या रांगेत गावातल्या किती पोरींचे बाप होते. बाबा म्हटल्यावर त्यांतला कुणीही ओ देणार. आपल्या बापाला नाव घेऊन कुणी हाक मारलीच नाही, तो अजून तिथंच आहे, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचतोय.

चहा तसाच टाकून ती दाराशी धावली.

आक्का पाटावर बसली होती. डोक्यावरून पदर घेतलेला, नव्या सुनेसारखा कपाळापर्यंत. समोर कुणी दिसत नव्हतं. तरी ती समोर बघत होती, आणि तोंडावर लाज होती.

"आक्का, थांब... वाचू नको पुढं. हे आपले बाबा नाहीत."

आक्कानं मान वळवली नाही. त्या नावाची आपण कुणी आहोत, हे तिला ठाऊकच नव्हतं जणू.

"ही पोर कोनाची?" त्या स्वच्छ गळ्यानं विचारलं.

आक्कानं पहिल्यांदाच सुवर्णाकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत, नीट.

"कोन जानं," ती म्हणाली. "मघापासून आपल्या दारात उभी हाय."

आणि तिनं पान उलटलं.