शाफ्टला मारलेली हाक

माटान्सास प्रांतातल्या त्या साखर कारखान्याचं वाफेचं इंजिन दोन आठवडे बंद होतं. आज दुपारी चारला सरकारी समिती यायची होती. चाक फिरलं तर हंगाम, नाहीतर कारखाना भंगारात आणि गाव वाऱ्यावर.

जहाजाचा जुना पंखा वितळवून मिळालेल्या कांस्याचा नवा बुश, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टभोवती घट्ट बसणारी कडी, म्हाताऱ्या एल्पिदिओनं लेथवरून उतरवला. त्याच्यासारखा टर्नर अख्ख्या प्रांतात नव्हता. त्यानं आणि इंजिनीअर यामिल्कानं मिळून बुश शाफ्टवर चढवला. तो खुळखुळला.

"माप कुठलं दिलंस, पोरी?"

यामिल्कानं शाफ्ट मापला. तिनं मूळ नकाशावरचं माप दिलं होतं. शंभर वर्षांत शाफ्ट चार मिलिमीटर झिजलाय, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कांसंही संपलं होतं.

"माझ्यामुळे सगळं मातीत गेलं, काका."

"रडगाणं नंतर गा. बुश काही आता लहान होत नाही. शाफ्टलाच बोलवावं लागेल."

"हाक मारली की यायला तो काय कुत्रा आहे?"

"कुत्रा एवढं ऐकत नाही."

एल्पिदिओनं रमचा घोट ओगुनच्या नावानं जमिनीवर सांडला. लोखंडाच्या या देवाला दिल्याशिवाय तिथं कुणी हत्याराला हात लावत नसे. मग शाफ्टला ओठ टेकवून तो काहीतरी पुटपुटला. यामिल्कानं हसू दाबलं.

तापलेल्या लोखंडाचा वास आला. भट्टी तर थंड होती.

बुश खुळखुळेना. तिनं व्हर्निअर लावला. चारही मिलिमीटर भरून आले होते आणि शाफ्टवर पहिल्या कातकामाच्या रेघा ताज्या दिसत होत्या. तिनं त्यावरून बोट फिरवलं. आपण फार मोठ्या कुणासमोर उभ्या आहोत असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

चारला चाक फिरलं. समितीनं सह्या केल्या. उद्या पहाटे ऊस येणार होता.

वाफ बंद करून तिनं सहज शाफ्ट पुन्हा मापला. नकाशापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त.

पाच वाजता, एक मिलिमीटर.

"काका, त्याला आता पुरे म्हणा."

एल्पिदिओनं टोपी काढली.

"बोलवायचं बापानं शिकवलं," तो हळूच म्हणाला. "पुरे म्हणायचं शिकवायच्या आधीच तो गेला."

थांबलेल्या इंजिनात बुश बारीक कुरकुरला.