नाकाखालचं बोट

आई तोंडात टाचण्या धरून लेकीच्या पायांशी बसली होती, आणि स्टुलावर उभी असलेली ती, अंगातल्या पांढऱ्याशुभ्र झग्याला घामाचा डाग पडू नये म्हणून हातसुद्धा हलवत नव्हती... उद्या सकाळी मठात जायचं होतं, सिस्टर व्हायला, कायमचं! लोकांचे कपडे शिवून घर चालवणाऱ्या आईची दुमड कधी वाकडी गेली नव्हती. आज मात्र ती पुन्हा पुन्हा उसवत होती.

लेक चार वर्षांची असताना तापाने फणफणली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा दवाखान्यातल्या पवित्र मारियेच्या मूर्तीपुढे आईने नवस केला होता. ही जगू दे, हिला देवाच्याच पायी वाहीन. पोर जगली, पण आईच्या काळजातली भीती काही गेली नाही. पोरीचा डोळा लागला की ती चोरपावलांनी यायची आणि नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. पोरीला ते बोट ठाऊक होतं. आईला धीर यावा म्हणून झोपेचं सोंग घेऊन ती मुद्दाम मोठा श्वास सोडायची... खरं सांगायचं तर आजवरचं तिचं सगळं जगणंच आईसाठी सोडलेला तो मोठा श्वास होता!

फादरांनी विचारलं, शेजारणींनी विचारलं. देवाची हाक आली, असं तिने सगळ्यांना हसून सांगितलं. हाक कसली नि काय! आपण नाही म्हटलं आणि धसक्याने आईचं काही बरंवाईट झालं तर, या विचाराने तिची पाचावर धारण बसे. आणि वेदीपुढे उभं राहून त्या सर्वसाक्षी परमेश्वराशी खोटं बोलायचं, ही धडकी तर त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी ती मठात पोहोचली तेव्हा मठाच्या प्रमुख, म्हाताऱ्या मदर शेंगा सोलत बसल्या होत्या. नवसाची गोष्ट त्यांच्याही कानावर होती. त्यांनी उपदेश केला नाही, फक्त विचारलं, "आईने नवस केला नसता, तर तू आली असतीस?"

पाठ केलेलं उत्तर ओठांपर्यंत आलं... आणि तिथेच अडकलं.

"नाही, मदर. मी भिऊन आले."

मदरनी टोपली बाजूला ठेवली. "नवस ज्याचा त्याने फेडावा, पोरी. दुसऱ्याचं आयुष्य देवाला देता येत नाही. आणि भिऊन दिलेलं तर तो घेतच नाही. घरी जा."

दारात पिशवीसकट उभी असलेली लेक पाहताच आईच्या हातातली कात्री गळून पडली. काही विचारण्याआधीच तिने पोरीच्या कपाळाला हात लावला, जणू तो जुना ताप लगेच उलटणार होता! लेकीने मठात घडलं ते सगळं सांगितलं.

"देवाला दिलेलं परत घेऊ नये गं," आई कशीबशी बोलली.

"मी वस्तू नव्हते, आई."

आई पदराशी चाळा करू लागली, आणि तिचे डोळे भरून वाहू लागले.

"भक्ती नव्हती गं ती," ती म्हणाली. "देव तुला नेईल, म्हणून आधीच देऊन टाकत होते. वर चारचौघींत मिरवतही होते. मला अजून भीती वाटते."

"मलाही वाटते," असं म्हणून लेक तिच्या कुशीत शिरली.

दुपारी ती आडवी झाली तेव्हा ओळखीची पावलं दाराशी आली. सवयीने तिने छाती भरून घेतली... आणि थांबली. आता सोंग नको! श्वास जसा येत होता तसा तिने येऊ दिला, हलका, जेमतेम ऐकू येईल असा. आई उंबऱ्यात उभीच होती. बोट येईल, आत्ता येईल, म्हणून लेक डोळे मिटून वाट बघत होती.

पावलं मागे वळली. थोड्या वेळाने शिलाईचं मशीन सुरू झालं, आधी अडखळत, मग एका लयीत, आणि ते ऐकता ऐकता लेक खरोखरच झोपली.