अजून पाच तास

तासमास्तरांनी कधी वेळापत्रक उघडून पाहिलं नाही. विमानाच्या तिकिटांचं ते छोटंसं ऑफिस. काउंटरमागच्या भिंतीवर दोन घड्याळं, एक इथल्या वेळेचं, दुसरं पार सातासमुद्रापलीकडच्या शहराचं, आणि खाली खुर्चीत हे. कुठलीही दोन शहरं सांगा. अंतर किती, तास किती, सगळं तोंडपाठ! म्हणून तर हे नाव पडलं.

एके दिवशी एक माणूस धावतपळत आला. त्याची आई त्याच दूरच्या शहरात अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले.

"मास्तर, उद्याच्या विमानाला किती तास लागतात? आईला फोनवर सांगायचंय."

मास्तरांच्या तोंडात घास होता. सकाळी दहाला सुटतं, संध्याकाळी सातला उतरतं.

"नऊ तास," ते म्हणाले.

आता, उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची असते आणि ते घड्याळ पाच तास मागे असतं, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मास्तर नेमके तेव्हाच विसरले. प्रवास होता चौदा तासांचा.

महिन्याने तो पुन्हा आला. आईचं घर आवरायला जायचं होतं.

"विमान सुटल्यापासून नऊ तास तिने जीव धरून ठेवला हो, मास्तर. नर्सला सारखी वेळ विचारायची. नऊ तास झाले तशी 'नाही आला' म्हणाली आणि गेली. तिथे दुपारचे दोन वाजले होते. मी अजून आकाशातच... मीच चुकीचं ऐकलं असेन, नाही का?"

खरं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण पंचवीस वर्षांचं नाव आड आलं.

"हो ना," मास्तर म्हणाले. "मी चौदाच सांगितले होते."

दुसऱ्या दिवसापासून त्या शहराचं घड्याळ रोज दोनवर थांबायला लागलं. तीनदा सेल बदलून झाले. "मास्तर, तुमच्यावर रुसलंय ते!" मालकीणबाई हसल्या. मास्तरांना मात्र ना घास गोड लागे, ना डोळ्याला डोळा. मन खात होतं.

आठव्या दिवशी, इथे संध्याकाळचे सात वाजत असताना, काटा दोनवर अडकला. ऑफिसात कोणी नव्हतं. मास्तरांनी त्या माणसाला त्याच्या आईच्या घरी फोन लावला.

"साहेब, मी तासमास्तर. तुमचं काही चुकलं नव्हतं. नऊ तास मीच सांगितले होते... नंतर खोटं बोललो."

पलीकडून कुजबुजता आवाज आला.

"हळू बोला, मास्तर... आई उठलीय."

"कोण?"

"रोज दोनला उठते. मी आलो का, विचारते. मी समोरच बसलेला असतो... तिला दिसत नाही. तिच्या लेखी मी अजून वाटेतच आहे. आता तुम्हीच सांगा तिला."

रिसीव्हरला औषधांचा उग्र वास यायला लागला.

"बाळा," थकलेला, मायाळू आवाज. "किती तास लागतात रे?"

"चौदा, मावशी..."

"मग नऊ कुणी सांगितले?"

जुनं खोटं पुन्हा जिभेवर आलं होतं. मास्तरांनी ते गिळलं. "मी. माझंच चुकलं, मावशी. माफ करा."

"बरं झालं सांगितलंस. म्हणजे अजून पाच तास आहेत. तोवर फोन ठेवू नकोस हं... एकटीचा वेळ जात नाही रे."

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळ चालू झालं होतं. काटे उलटे फिरत होते.