तिसऱ्या मजल्यावरचं वर्तुळ

“हे पडले नाहीत. ह्यांना पाडलंय,” पेंटरची बायको म्हणाली.

तपासबाईंनी तिनं आणलेली परांचीची दोरी उलटसुलट करून पाहिली. अर्धे धागे तुटलेले, अर्धे साफ कापलेले.

वाचनालयाच्या भिंतीवर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, पेंटर बोधचिन्ह रंगवणार होता. सकाळी त्यानं खडूनं रेषा आखली, जेवायला उतरला, परत चढला आणि परांचीची फळी निसटली. आता तो कंबर मोडून दवाखान्यात होता.

“जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून कुणीही परांचीवर उतरलं असेल,” दादा म्हणाले. हे बाईंचे थोरले भाऊ. तपासाला कायम सोबत. “कुणाशी वाकडं होतं?”

“ग्रंथपालांना ही भिंत रंगवायचीच नव्हती. आणि ह्यांचा जुना भागीदार. काम ह्यांना मिळालं म्हणून जळफळत होता.”

बाईंनी दोघांना एकच विचारलं. भिंतीवर काय आखलं होतं?

“वर्तुळ,” ग्रंथपाल तुटकपणे म्हणाले. “फाटकातून येता-जाता दिसतं. भिंतीची पार वाट लावली. जाऊ मी?”

भागीदार तर बसलाही नाही. “मी वर गेलोच नाही. फाटकातूनच पाहिलं. वाचनालयाच्या समितीनं वर्तुळ मागितलं, ह्या शहाण्यानं लंबगोल काढला. हात गेलाय त्याचा.”

दादा फाटकापाशी जाऊन मान वर करून आले. “खोटारडा आहे. चांगलं गरगरीत वर्तुळ आहे.”

बाईंनी दुरुस्त केलेल्या परांचीवर चढून टेप लावली. रुंदी सहा फूट, उंची आठ.

“म्हणजे तो खरं बोलला?” दादा गोंधळले.

“खरं बोलला, म्हणूनच अडकला.”

संध्याकाळी वाचनकक्षात सगळे जमले.

“उंचावरची आकृती खालून चेपलेली दिसते,” बाई म्हणाल्या. “म्हणून पेंटरनं मुद्दाम उभा लंबगोल आखला. फाटकातून तो वर्तुळच दिसतो. लंबगोल दिसतो फक्त परांचीवरून.”

“मी पेंटर आहे,” भागीदार गुरकावला. “मला खालूनही कळतं.”

“कळलं असतं, तर तुम्ही त्याला चूक म्हणाला नसता. तुम्ही मागच्या जिन्यानं आलात, दोरी कापलीत, तसेच गेलात. फाटकातून एकदाही पाहिलं नाहीत.”

भागीदार मटकन खुर्चीत बसला. दादांनी पोलिसांना फोन लावला.

“पंधरा वर्षं एकत्र काम केलं,” तो पुटपुटला. “हे त्यानं मला कधी सांगितलं नाही.”

“सांगितलं होतं,” पेंटरची बायको म्हणाली. “माझ्यासमोर. तुम्ही हसला होतात.”