वळणाच्या अलीकडचा माणूस

आधीच सांगते. यात अमावस्या नाही, रडणारी कुत्री नाहीत आणि पांढऱ्या कपड्यातली कुणी बाई लिफ्टही मागत नाही. ज्यांना तेच हवं असेल, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

हे भर दुपारी घडलं. उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी, शहराबाहेर सिमेंटच्या पाइपांचा कारखाना आहे, त्याच्या पुढच्या वळणाजवळ. पाहणारे पुष्कळ होते. त्यातले निम्मे पोलीस होते, म्हणजे त्यांनी काहीच पाहिलं नाही.

मी मात्र पाहिलं. यातला एकही शब्द मी वाढवलेला नाही.

माझे बाबा ट्रॅफिक पोलिसात हवालदार होते.

रस्त्यावर बॅरिकेड आडवे टाकले की झाली नाकाबंदी, असं लोकांना वाटतं. बाबांच्या साहेबांनाही तसंच वाटायचं. खरं तर महत्त्वाचा माणूस बॅरिकेडपाशी नसतोच. तो बराच अलीकडे, सरळ रस्त्यावर एकटा उभा असतो. लांबून दिसेल असा. गाडीचा वेग तो उतरवतो, म्हणून पुढचे सगळे संध्याकाळी घरी जातात.

ती जागा कुणालाच नको असायची. सावली नाही, गप्पांना माणूस नाही. बाबांना ती आवडायची.

पंजा दाखवून ते गाडी थांबवायचे. पुढे सोडताना बॉनेटवर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायचे. टक्, टक्. निघा. एकदा सोडलेली गाडी ते पुन्हा अडवत नसत.

ही सवय घरीही होती. जेवण झालं की ताटाच्या कडेवर टक्, टक्. "सुटलं बाई ट्रॅफिक," आई म्हणायची. मी कॉलेजला निघाले की स्कूटरवर टक्, टक्. त्याशिवाय माझा पाय निघत नसे.

आता साहेबांबद्दल. साहेबांसाठी नाकाबंदी म्हणजे फोटो. वरिष्ठांच्या ग्रुपवर टाकायला. त्यांनी नाकाबंदी वळणाच्या अगदी पलीकडे लावायला सुरुवात केली. लांबून दिसली की लोक गाड्या वळवतात, मग केसेस कशा होणार?

"साहेब, वळणाआड ब्रेक मारायला जागा उरत नाही," बाबा म्हणाले होते.

"हवालदार, तुम्ही उभे राहा हो. डोकं चालवायला मी आहे."

डोकं चालवून साहेबांनी एका सकाळी सगळ्यांना फोटोसाठी गोळा केलं. फ्रेम रिकामी दिसत होती. मग वायरलेसवरून बाबांनाही बोलावून घेतलं. बाबा रांगेच्या शेवटी उभे राहिले, रस्त्याच्या बाजूला. साहेब मधोमध. गॉगल नीट करत.

वळणावरून खडीचा डंपर आला. त्याला हळू करायला अलीकडे कुणीच नव्हतं.

साहेबांच्या गॉगलवर ओरखडाही उठला नाही.

चौकशी बसली. साहेबांनी लिहून दिलं, ‘हवालदार विनापरवानगी नेमलेली जागा सोडून आले.’ तो फोटो सगळ्यांच्या फोनमधून एकाच दिवशी उडाला. वायरलेसवर काय बोलणं झालं, हे कुणालाच आठवेना. एवढी माणसं एकदम विसरतात, तेव्हा त्याला शिस्त म्हणत असावेत.

मला नुकसानभरपाई नको होती. साहेबांची बदलीही नको होती. ज्या माणसानं कधी जागा सोडली नाही, त्याच्या नावापुढचं ते वाक्य मला काढून हवं होतं. बस, एवढंच.

साहेबांच्या जीपचे ड्रायव्हर बाबांचे मित्र. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतो. ते एकदा घरी आले आणि स्वयंपाकघरात मान खाली घालून बसले.

"पोरी, साहेबांनीच बोलावलं गं त्याला. मी शेजारीच होतो."

"मग हेच चौकशीत सांगा ना, काका."

"रिटायरमेंट तोंडावर आलीय माझी."

त्यांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले. कप विसळण्याइतका प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

मग महिनाभरानं त्यांचा फोन आला.

"हसणार नसशील तर एक सांगू?"

साहेबांनी पुन्हा त्याच वळणावर नाकाबंदी लावली होती. माणसं कमी होती, म्हणून अलीकडे कुणालाच ठेवलं नव्हतं. आणि तरी...

गाड्या हळू येत होत्या.

एकूण एक.

काचा खाली. कागद हातात.

"अहो, कागद आधीच कसे काढले?" काकांनी एका टेंपोवाल्याला विचारलं.

"मागच्या तुमच्या माणसानं सांगितलं ना. बॉनेटवर दोनदा वाजवून सोडलं मला."

काका वळणापर्यंत चालत जाऊन बघून आले. रस्ता सरळ होता. ऊन होतं. आणि...

कुणी नव्हतं.

"साहेबांना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणाले, बरं झालं, बिनपगारी माणूस मिळाला."

मी फोन ठेवला. हसले नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी चौकशीची शेवटची तारीख होती. साहेबांनी येऊन आपल्या म्हणण्यावर सही केली, की ते वाक्य कायमचं होणार होतं. मी आणि आई चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. साहेबांची वेळ टळून गेली. साहेब आले नाहीत.

माझा फोन वाजला. काका होते.

"पोरी, पाइपांच्या कारखान्यापाशी ये. लगेच. आईला नको आणूस."

मी बाबांची जुनी गाडी काढली.

वळणाच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, साहेबांची पांढरी कोरी गाडी मधोमध उभी होती. इंजिन चालू. मागे वाहनांची रांग, हॉर्नचा नुसता कल्ला. दोन शिपाई काचेवर वाकून "सर, जरा बाजूला घ्या ना," असं विनवत होते. मी माझी गाडी कडेला लावली. घाईत दार उघडंच राहिलं.

साहेबांनी मला पाहिलं आणि काच खाली केली. आतून एसीचा गार झोत आला. साहेबांचा शर्ट मात्र घामानं चिकटला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. नजर समोर.

"ताई, तुमच्या वडिलांना सांगा ना..." आवाज अगदी लहान झाला होता. "सोडत नाहीयेत मला."

मी समोर पाहिलं. रस्ता तापून थरथरत होता. बाकी काही नाही.

मग माझी नजर खाली गेली...

तिथे झाड नव्हतं. खांब नव्हता. शिपाई मागे होते.

साहेबांच्या बॉनेटवर सावली पडली होती.

पंजाएवढी. बोटं पसरलेली.

हलत नव्हती.

मी म्हणाले, "ते खऱ्या कागदांशिवाय कुणाला सोडत नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

"काय हवंय?"

"त्या सकाळी त्यांना कुणी बोलावलं?"

साहेबांनी आरशात मागची रांग पाहिली. शिपायांकडे पाहिलं. अशा वेळीही माणूस आधी कोण कोण ऐकतंय ते बघतो.

"मी," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

"मी बोलावलं! मीच! फोटोसाठी! झालं? आता सोडा म्हणावं!"

हॉर्न थांबले.

सगळेच. एकदम.

आम्ही वाट पाहत होतो. साहेब, मी, शिपाई. वाराही नव्हता.

आणि मग...

टक्.

टक्.

साहेबांच्या तोंडून हुंदका फुटला. त्यांनी गिअर टाकला. गाडी हातभर पुढे गेली आणि कच्चकन ब्रेक लागला.

"माझ्या गाडीवर नाही वाजलं," ते म्हणाले. "ताई... माझ्या गाडीवर नाही वाजलं ते."

मी वळले. आवाज मागून आला होता. माझ्या गाडीजवळ, टपावर हात टेकून, ड्रायव्हरकाका उभे होते. चटका बसावा तसा त्यांनी हात काढून घेतला.

"पोरी..." ते माझ्या गाडीच्या बॉनेटकडे बघत होते. "मी नाही वाजवलं. तुला सोडलंय."

साहेब तिथेच राहिले. शेवटी क्रेन आणली. ट्रॅफिकच्या साहेबांची गाडी ट्रॅफिकच्याच क्रेननं उचलली, साहेबांसकट. त्याचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दवाखान्यातून लिहून पाठवलं, ऊन लागलं होतं, काय बोललो ते आठवत नाही. पण ऐकणारे फार झाले होते. ड्रायव्हरकाकांनी जाऊन जबाब दिला. मग एकेका शिपायाची स्मृती परत यायला लागली, साहेब पडल्याची खात्री झाल्यावर. ते वाक्य खोडलं गेलं. आईनं नवा कागद वाचला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. काकांचे मी आभार मानले नाहीत.

परवा साहेबांच्या पत्नीचा फोन आला. साहेब घरी आहेत. खुर्चीवरून उठत नाहीत. दारापाशी नेलं तर उंबरठ्यावर उभेच राहतात.

"म्हणतात, अजून सोडलं नाही. मी टेबलावर दोनदा वाजवून पाहिलं हो. मुलानंही पाहिलं. तर म्हणतात, हा तो आवाज नाही." त्या रडत होत्या. "तुम्ही एकदा येऊन वाजवाल का?"

"मी ट्रॅफिकमध्ये नाही," मी म्हणाले.

साहेबांचं मला काही वाटत नाही. झोप उडते ती वेगळ्याच कारणानं.

पेट्रोल पंपावर लोक अजून बोलतात. कारखान्यापाशी एक हवालदार असतो, शांतपणे थांबवतो, बॉनेटवर वाजवून सोडतो. परगावचे लोकही सांगतात, ज्यांना यातलं काही माहीत नाही.

ऑफिसला जाताना मी मुद्दाम त्या रस्त्यानं जाते. त्या जागी गाडी हळू करते. काच खाली करते. कागद शेजारच्या सीटवर काढून ठेवलेले असतात.

पंजा दिसत नाही. सावली पडत नाही. आवाज होत नाही.

एकदा सोडलेली गाडी बाबा पुन्हा अडवत नसत.

मी थांबून राहते. मागचा कुणीतरी हॉर्न वाजवतो, तेव्हा निघते.