पहाटे पाच चाळीसची नोंद

२०१७ साल होतं. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली ते साल. डिसेंबरात खामगावहून पिंपळगाव राजाला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना किडकी बोंडं झाडावरच वाळलेली दिसत. कित्येकांनी उभ्या पिकात गुरं सोडली होती.

सात डिसेंबरला, गुरुवारी सकाळी, सिंधूताई खामगावच्या आपल्या घरी तक्रारींची वही घेऊन बसल्या होत्या. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांची जुनी विद्यार्थिनी रुबिना हिने ‘गवसलं’ नावाची एक साइट काढली होती. खेळ सोपा होता. कोणीतरी एखाद्या जागी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकायचे. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन शोधत जायचं. डबा सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि साइटवर फोटो टाकायचा. साइट रुबिना चालवायची. लोकांच्या तक्रारी आणि सूचना सिंधूताई पाहायच्या.

त्या दिवशी वहीत तीन नोंदी होत्या.

तक्रार ४०९: “न्याहारी करून निघालो, दहाला डबा सापडला. साइट म्हणते पहाटे साडेचार. मी काय भूत आहे?”

तक्रार ४१०: “मी डिलीट केलेला फोटो जुन्या ईमेलमधली लिंक दाबली की अजून उघडतो. माझ्या बायकोनं पाहिला.”

सूचना ४११: “फोटो कोणी उडवला तर त्याचं नावही दिसावं.”

तिन्हींपुढे सिंधूताईंनी लिहिलं, ‘रुबिनाला सांगितले.’ आठ महिने त्या हेच लिहीत होत्या. रुबिना दिवसभर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायची, दोन मुलं सांभाळायची. साइटसाठी तिच्याकडे वेळ उरत नसे, आणि सिंधूताईंकडे तगादा लावायची ताकद उरली नव्हती.

फोन वाजला.

“सिंधूताई बोलता का? डब्याच्या झाकणावर नंबर हाय तुमचा.”

“हो. कोण बोलतंय?”

“मी चांगुणा, पिंपळगाव राजाहून. माह्या धुऱ्यावर तुमचा डबा हाय. त्याचा फोटो गेला.”

“डबा गेला का?”

“डबा हाय जागेवर. मोबाइलातला फोटो गेला. मले तो सोमवारच्या आत पाहिजे, बाई.”

आवाजात रडणं नव्हतं. नुसता थकवा होता. सिंधूताईंनी वहीत ४१२ आकडा घातला, पण त्यापुढे ‘रुबिनाला सांगितले’ लिहिलं नाही. पिशवी उचलली आणि एसटी धरली.

चांगुणाबाईचं तीन एकर शेत गावाबाहेर होतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभूळ, आणि बाभळीच्या बुंध्याशी दगडाखाली तो डबा. धुऱ्यालगतच्या चार ओळी मोकळ्या होत्या, माती उघडी पडलेली.

“इथं काय होतं?”

“रेफ्युजी होती,” चांगुणाबाई म्हणाल्या. “बीटीच्या थैलीत ती छोटी पुडी येते ना, बिगर-बीटीची. अळीनं ते खावं, म्हंजे तिले बीटीच्या झाडाची सवय होत नाही, असं सांगतात. लोकं फेकून देतात. मी दरसाली लावतो. यंदा त्या ओळी पयल्या किडल्या. उपटून जाळा म्हणे, जाळल्या. मंग बियाण्याच्या कंपनीची पाहणी आली.”

त्यांनी पदराच्या गाठीतून एक घडी घातलेला कागद काढला. कंपनीचा अहवाल होता. चांगुणाबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘आश्रयपट्टा पेरला नाही. नुकसानीस शेतकरी स्वतः जबाबदार.’ आश्रयपट्टा म्हणजे त्याच चार ओळी. हरकत घ्यायची शेवटची तारीख सोमवार, अकरा डिसेंबर.

“मंगळवारी बियाण्याच्या दुकानापुढं, आसिम कामाले हाय तिथं, ही यादी वाचली. साऱ्या गावापुढं. मी तिथंच म्हटलं, जुलैत माह्या धुऱ्यावर फोटो निघाला हाय, त्याच्यात पुडी दिसते. काल सहा तारीख, दिवसभर आमी विहारात होतो. आज सकाळी आसिमले म्हटलं दाखव, तं फोटोच नाही.”

“पुडी कशी दिसेल फोटोत?”

चांगुणाबाईंनी बाभळीजवळची पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक काडी दाखवली. काडी उभी होती, टोक रिकामं होतं. कोणत्या ओळीत काय पेरलं ते ध्यानात राहावं म्हणून रिकामी पुडी काडीला अडकवायची, ही इथली सगळ्यांचीच रीत. पुडी पावसावाऱ्यात केव्हाच उडून गेली होती.

सिंधूताईंना आईची आठवण झाली. आई सरकी घरच्या मडक्यात राखून ठेवायची, शेणराखेत चोळून पेरायची. काय पेरलं याचा पुरावा कोणी मागत नसे.

त्यांनी डबा उघडला. वहीत नऊ जुलैची एकच सही होती. सही त्यांच्या ओळखीची होती. चंद्रशेखर. आठवीत असताना जिल्ह्याचा नकाशा न गिरवता काढणारा एकमेव मुलगा.

आसिम गावातल्या बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. धुऱ्यावरचा डबा त्यानंच लपवला होता, चांगुणाबाईंना विचारून. सिंधूताईंनी त्याला दुकानात गाठलं.

“फोटो तू उडवलास?”

“मी काऊन उडवू, बाई? तुमाले माहीत नाही, गाव आमच्यावरच उलटून राह्यलं. म्हणतात, दुकानवाल्यानंच थैलीतून छोट्या पुड्या काढून घेतल्या.”

“साइटवर वेळ पाहिलीस?”

“पाह्यली ना. बुधवारी सकाळी पावणेसहाच्या सुमाराले उडवला. तवा मी म्हशीखाली बसलो होतो. दोन्ही हात धारेत. म्हशीले इचारा.”

“मंगळवारी यादी कोणी वाचली?”

“कंपनीचे मोठे साहेब होते. त्यांच्यासंगं चारपाच पोरं आली होती गाडीत. मी चहा देऊन राह्यलो होतो, चेहरे कोण पाह्यते.”

“जुलैत फोटो टाकला गेला तेव्हा तुला काही कळलं होतं?”

“ईमेल आली होती. डब्यावाल्याले येते ना दरवेळी. पडली असंन कुठंतरी. मी काही पुसत नाही, आळस.”

संध्याकाळी सिंधूताई रुबिनाकडे गेल्या. रुबिनानं संगणकावर नोंद काढली.

“सहा डिसेंबर, पाच वाजून चाळीस मिनिटं. उडवला एवढंच लिहिलंय. कोणी, ते नाही. ती सूचना राहूनच गेली, बाई.”

“कोण उडवू शकतं?”

“तिघंच. फोटो टाकणारा, डबा लपवणारा, आणि मी.”

“तू उडवलास?”

रुबिना हसली, पण थकलेलं हसली. “बाई, माझ्याच साइटची तक्रार मला वाचायला वेळ नाही. उडवायला कुठून आणू?”

शुक्रवारी सकाळी चंद्रशेखर स्वतः सिंधूताईंच्या घरी आला. त्यांनीच निरोप धाडला होता. आता पस्तिशीचा झाला होता. पाया पडला, शेगावची कचोरी पुढे ठेवली. शेतांचं सर्वेक्षण करायचं काम करतो, जिल्हाभर फिरतो, म्हणाला.

“कोणासाठी?”

“ज्याचं काम मिळेल त्याचं, बाई. कधी विमा, कधी बियाणं.”

“जुलैत पिंपळगावला चांगुणाबाईंच्या धुऱ्यावर तू फोटो घेतला होतास.”

“हो. रविवार होता, डबे शोधत हिंडत होतो. त्यांनी पाणी दिलं होतं. भली बाई आहे.”

“तो फोटो साइटवरून गेला. मोबाइलमध्ये असेल ना?”

“मोबाइल ऑगस्टमध्ये बदलला. जुन्यातलं काही राहिलं नाही.”

“बुधवारी कोणीतरी उडवलाय तो.”

“बुधवारी अकरा वाजता मी रोहिणखेडच्या रस्त्यावर होतो, बाई. तिथं रेंजसुद्धा नसते. मला तर तुमच्याकडूनच कळतंय.”

सिंधूताईंनी त्याला चहा ओतून दिला. स्वतःच्या कपात साखर घालायची राहून गेली, ते त्यांना कप रिकामा झाल्यावर कळलं.

तो गेल्यावर त्यांनी तक्रारींची वही उघडली. ४०९ वाचली. मग ४१०. मग आसिमला फोन लावला. “तुझ्या ईमेलमध्ये जुलै महिना शोध. सापडलं तरी आत्ता काही दाबू नकोस.”

रविवारी सकाळी पाचही जण बाभळीखाली जमले. चांगुणाबाईंनी सतरंजी अंथरली होती. चंद्रशेखरला सिंधूताईंनी ‘फोटो शोधायला मदत कर’ म्हणून बोलावलं होतं. तो डब्याशेजारी उभाच राहिला.

“तिघांनाच हे जमण्यासारखं होतं,” सिंधूताई म्हणाल्या. वर्गात बोलायच्या तशाच, सावकाश. “रुबिनाला उडवायचा असता तर तिनं नोंदही ठेवली नसती. साइट तिच्याच हातात आहे.”

“तेवढं तर येतं मला,” रुबिना म्हणाली.

“आसिमला तर हा फोटो हवा होता. थैलीत पुडी होती हे त्यातून दिसतं. दुकानावरचा आळ त्यानंच जाणार होता. कोणी आपल्याच बाजूचा साक्षीदार घालवत नाही.”

आसिमनं सुस्कारा सोडला. “दोन दिवस म्हशीची साक्ष देऊन राह्यलो मी.”

“राहिला तिसरा.” त्यांनी चंद्रशेखरकडे पाहिलं नाही. “शुक्रवारी मी त्याला एवढंच म्हटलं, बुधवारी फोटो उडवला. वेळ सांगितली नाही. साइटवर पाच चाळीस आहे. आसिमनं पावणेसहा सांगितलं, रुबिनानं पाच चाळीस. ज्यानं नुसतं साइटवर पाहिलं तो पहाटेचंच बोलणार. चंद्रशेखर म्हणाला, बुधवारी अकरा वाजता मी रोहिणखेडच्या रस्त्यावर होतो.”

रुबिनानं मोबाइलवर ती नोंद पुन्हा काढली.

“आपल्या साइटचं घड्याळ चुकीचं आहे. आठ महिने लोक सांगतायत. दहाला डबा शोधणाऱ्याला ती साडेचार दाखवते. ज्या यंत्रावर साइट आहे ते परदेशात, वेळही तिकडची. किती मागे, रुबिना?”

“साडेपाच तास.”

“पाच चाळीसमध्ये साडेपाच तास मिळव.”

रुबिनानं मिळवले. “अकरा दहा,” ती हळूच म्हणाली.

“खरी वेळ दोघांनाच कळू शकते. एक मी, तक्रारी वाचून. दुसरा, ज्यानं फोटो उडवताना स्वतःच्या घड्याळात पाहिलं.” मग त्या आसिमकडे वळल्या. “आता ती ईमेल उघड.”

आसिमनं लिंक दाबली. मोबाइलवर गोल फिरत राहिलं. चांगुणाबाई पदर मुठीत धरून बघत होत्या. फोटो उघडला. बाभूळ. डबा. मागे दोन-चार पानांच्या कपाशीच्या ओळी. आणि काडीच्या टोकाला अडकवलेली छोटी पांढरी पुडी, वर छापलेलं ‘बिगर-बीटी’ स्वच्छ वाचता येत होतं. खाली तारीख, नऊ जुलै.

“डिलीट केलेला फोटो नुसता लपतो,” रुबिना पुटपुटली. “ते पण दुरुस्त करायचं राहिलं होतं.”

चंद्रशेखर खाली बसला.

“त्रेसष्ट शेतं दिली होती, बाई. आठ दिवस. पाहणीचे कागद मीच भरले. आधी दहा-बारा शेतं फिरलो. एकानंही ती पुडी लावलेली नव्हती. मग दुसरबीडला टपरीवर बसलो आणि बाकीच्यांचं तेच लिहिलं. मंगळवारी मी गाडीतच होतो, या फोटोचं बोलल्या ते ऐकलं. नोकरी गेली असती.”

“नाव तं वाचलं असंन ना माह्यं, लिहिताना?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“पाहणीच्या कागदावर नावं नव्हती. गट नंबर होते.”

“मी लावली होती ना पण.” त्या चिडल्या नव्हत्या. “तू पाणी पिला होता इथं. पाह्यली होती तू.”

सिंधूताईंनी पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढलं. “लिही. कुठली शेतं पाहिली, कुठली नाही. अक्षर नीट काढ.”

त्यानं लिहिलं. अक्षर आठवीतलंच होतं.

सोमवारी तो कागद आणि फोटो हरकतीसोबत गेले. फेब्रुवारीत कंपनीचं एका ओळीचं पत्र आलं: ‘सदर शेतकऱ्याबाबतचा शेरा रद्द करण्यात येत आहे.’ न पाहिलेल्या शेतांची पाहणी पुन्हा होईल असंही कळवलं, पण तोवर सगळी शेतं नांगरून झाली होती. चांगुणाबाईंनी ते पत्र बियाण्यांच्या दुकानापुढे, यादी वाचली त्याच जागी, आसिमकडून मोठ्यानं वाचून घेतलं. त्या साली त्यांच्या घरी कापूस आला नाही तो नाहीच. पुढच्या जूनला त्यांनी पुन्हा पुडी लावली. काडीला नुसती अडकवली नाही, तारेनं बांधली.

आसिमनं पुढे गावातच स्वतःचं छोटं दुकान टाकलं. थैली विकताना तो छोटी पुडी गिऱ्हाइकाच्या हातात वेगळी ठेवतो. म्हैस अजून आहे, आणि तिची साक्ष गावात अजून चेष्टेत निघते.

रुबिनानं डिसेंबरातल्या त्याच आठवड्यात घड्याळ दुरुस्त केलं. लपलेले फोटो खरोखर पुसायचं काम तिनं मुद्दाम केलं नाही. साइट २०२१ मध्ये बंद पडली. आता ती औरंगाबादला असते, ईदला फोन करते.

सिंधूताईंची वही शेवटपर्यंत चालली. साइट बंद झाली तेव्हा शेवटचा आकडा ९७० होता.

चंद्रशेखरची नोकरी गेली. दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मोताळ्याकडे सासऱ्याची शेती करतो, असं कोणाकडून तरी कळलं. २०१९ च्या दिवाळीनंतर एका सकाळी साइटवर नोंद उमटली. पिंपळगाव राजाचा डबा, चंद्रशेखर, अकरा वाजून दहा मिनिटं. घड्याळ आता बरोबर होतं. फोटो नव्हता. दोनच वाक्यं होती.

‘डबा सापडला. शेतही पाहिलं.’

सिंधूताईंनी जुनं पान काढलं. ४१२ पुढची जागा दोन वर्षं कोरी होती. तिथं त्यांनी ‘मिटली’ असं लिहिलं, आणि खाली तारीख घातली.